सांगलीतली फॉरेन एज्युकेशन कन्सल्टन्सी: कागदपत्रांना ४ स्टार, खर्चाच्या हिशोबाला १

घाई असेल त्यांनी एवढंच वाचा. फॉर्म, एसओपी (हा कोर्स का करायचाय ते विद्यापीठाला लिहून द्यायचं पत्र), व्हिसाची फाइल ह्या कामाला ५ पैकी ४ स्टार. "परदेशात किती लागतील आणि इथं शिकली तर किती" ह्या सल्ल्याला ५ पैकी १, तो पण कॉफी चांगली होती म्हणून. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मित्रांनी दुसरीकडनं आणलेली कोटेशनं पण मी बघितली, आकडे जरा इकडंतिकडं, साचा तोच. विश्रामबागला जावा नाहीतर शंभर फुटीला, हा रिव्ह्यू कामाला येईल.

आधी आमची परिस्थिती सांगतो म्हणजे आकड्यांचा अर्थ लागेल. धाकटी बहीण इलेक्ट्रिकलला, बी.टेक.चं शेवटचं वर्ष, सांगलीतच. घर तासगाव साइडला, तीन एकर द्राक्षबाग, आबा (वडील) बघतात. मी पतसंस्थेत कर्ज विभागाला, त्यामुळं समोरचा माणूस व्याजाचा विषय टाळून पुढं सरकला की माझं लक्ष तिथंच अडकतं, धंद्याची सवय. धाकटीच्या वर्गातली बरीच पोरं-पोरी बाहेर जायचं म्हणतायत, तिनं पण दिवाळीत विषय काढला, आबा म्हणाले विचारून तर या, विचारायला काय पैसे पडतात व्हय.

पैसे पडत नाहीत हे खरंय. पहिली मीटिंग फ्री, दुसरी फ्री, तुम्ही म्हणाल तितक्या फ्री. एसी, काचेचं पार्टिशन, भिंतीवर जगाचा नकाशा, त्याच्या शेजारी व्हिसा मिळालेल्या पोरापोरींचे पासपोर्ट हातात धरलेले फोटो. काउन्सेलर मॅडम बोलायला एकदम गोड, आबांना काका काका करून त्यांनी दहा मिनिटांत आपलंसं केलं. फॉर्ममध्ये पहिला प्रश्न बजेट किती, मार्क किती हा त्याच्या खाली. तिथंच मी समजलो गाडी कुठल्या रस्त्यानं जाणार.

फ्रीचं गणित असंय की इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया इथली बरीच विद्यापीठं आपल्या पोराची अॅडमिशन झाली की एजंटला पहिल्या वर्षाच्या फीवर कमिशन देतात. ह्यात चोरीचं काही नाही, एलआयसीचा एजंट पण कमिशनवरच असतो. पण मग जो देश, जे कॉलेज कमिशन देत नाही त्याचं नाव टेबलवर येईल का? आलंच नाही. जर्मनीची सरकारी विद्यापीठं एजंटला काही देत नाहीत, आपली आयआयटी-एनआयटी तर नाहीच नाही.

आता मेन गोष्ट, ती शीट. गुळगुळीत कागदावर कलर प्रिंट, पाच रकाने, इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया आणि शेवटी भारत. इंग्लंडच्या रकान्यात फी १८ लाख, कालावधी १ वर्ष, पार्ट टाइम कमाई आहे, नंतर २ वर्षं काम करायची परवानगी. भारताच्या रकान्यात "प्रायव्हेट युनिव्हर्सिटी, पुणे, २ वर्षं, १२ ते १५ लाख, पार्ट टाइम शून्य". आणि मग मॅडम पेनानं दोन्ही आकड्यांना गोल करून म्हणतात, काका, फरक फक्त तीन-चार लाखांचा आहे आणि वर्ष पण वाचतंय. आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना पटायला लागलं होतं, आणि का पटू नये, कागदावर तसंच दिसत होतं.

पण भारताच्या रकान्यात खर्च म्हणजे फी, हॉस्टेल, मेस सगळं धरलेलं, आणि इंग्लंडच्या रकान्यात फक्त फी. मी विचारलं राहायचं-खायचं कुठंय ह्यात, तर उत्तर आलं ते पार्ट टाइममधून निघतं सर. दुसरं म्हणजे भारत म्हटल्यावर डायरेक्ट पुण्याची प्रायव्हेट युनिव्हर्सिटीच का? इलेक्ट्रिकलच्या पोरीनं गेट (एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा) दिली आणि एम.टेक.ला नंबर लागला तर महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो, २४ महिने, म्हणजे २ लाख ९७ हजार ६०० रुपये उलटे आपल्यालाच येतात. हॉस्टेल आणि मेस त्यातनं बऱ्यापैकी भागतं. गेटचा फॉर्म मुलींना १,००० रुपये (२०२६ च्या परीक्षेचा), स्कोअर ३ वर्षं चालतो. हे सगळं त्या शीटवर शून्य. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या गेट सगळ्यांना निघत नाही. बरोबर आहे, नाही निघत. पण मग "नाही निघाली तर" म्हणून सांगा की, रकानाच गायब कसा करता.

इथलं पण सगळं स्वस्त म्हणून मी सांगणार नाही, उगाच देशप्रेमात आकडे दाबायचे नाहीत. गेटसाठी एक वर्ष ड्रॉप घेऊन पोरगी पुण्याला ठेवली तर क्लासची फी, कॉट बेसिसचं भाडं, डिपॉझिट, मेस, शिवाय त्या वर्षात जो पगार आला असता तो गेला. आमच्या ओळखीत एकाचं त्या वर्षात अडीच लाखांच्या आसपास गेलं आणि स्कोअर काही आला नाही. हा खर्च पण इथल्या रकान्यात लिहायलाच पाहिजे. नुसतं "घरी शिकली तर फुकट" म्हणणारे नातेवाईक पण त्या शीटइतकेच चुकीचे.

इंग्लंडचा रकाना मी घरी येऊन परत मांडला. १८ लाख फी धरली त्यांचीच. राहण्या-खाण्याला त्यांच्या सरकारचाच आकडा आहे, व्हिसासाठी खात्यात किती दाखवायचे त्याचा, २०२५ च्या जानेवारीपासून लंडनच्या बाहेर महिन्याला १,१३६ पाउंड, लंडनमध्ये १,४८३, नंतर तो अजून वाढवला. जुनाच धरला आणि व्हिसाला लागतात तसे ९ महिने धरले तर १०,२२४ पाउंड. पाउंड ११७ रुपये पकडला, झाले १२ लाख. व्हिसा फी २०२५-२६ ला ५२४ पाउंड होती, म्हणजे ६१ हजार. हेल्थ सरचार्ज म्हणून एक वेगळा असतो, तो विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पाउंड, आणि एक वर्षाच्या कोर्सला व्हिसा साधारण सोळा महिन्यांचा देतात त्यामुळं दीड वर्षाचा भरावा लागतो, १,१६४ पाउंड, आपले १ लाख ३६ हजार, आणि हा जायच्या आधी एकरकमी. टोटल मारा, ३२ लाखांच्या जवळ. विमानाचं तिकीट, आयईएल्टीएस (इंग्रजीची परीक्षा), गरम कपडे, तिथं गेल्यावर घराचं डिपॉझिट हे अजून बाहेरच आहे, आणि वर्षाचे उरलेले तीन महिने पोरगी काय हवा खाऊन राहणार का ते पण बाहेर. १८ चे ३२ झाले आणि कुणी खोटं बोललं असं पण म्हणता येत नाही, कारण शीटवर बारीक अक्षरात "ट्युशन ओन्ली" होतं की.

पार्ट टाइमचं बघू. टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम चालतं. तिथलं किमान वेतन २१ वर्षांच्या पुढच्याला २०२५-२६ ला तासाला १२.२१ पाउंड होतं, म्हणजे २० तासांचे २४४ पाउंड. कागदावर छान दिसतं. आमच्या शेजारच्या गल्लीतला पोरगा तिकडं आहे, त्याला व्हॉट्सअॅपवर विचारलं तर म्हणाला सुरुवातीचे काही महिने कामच नव्हतं, आता वेअरहाउसला कधी १० तास मिळतात कधी १६. शीटवर मात्र पहिल्या आठवड्यापासून फुल २० तास धरून कमाई काढलेली. आणि ते "२ वर्षं काम करायची परवानगी" पण जुनं झालंय. १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना १८ महिनेच, म्हणजे सप्टेंबर २०२६ ला जाणारी आमची पोरगी बरोबर त्यात सापडते. मी हे बोललो तर मॅडम म्हणाल्या असं काहीतरी चाललंय पण अजून फायनल नाही. फायनल आहे ओ.

आता कर्ज. इथं मला जरा लांबण लावू द्या कारण आपल्या भागातल्या लोकांचा घोळ इथंच होतो.

मॅडम म्हणाल्या लोनचं टेन्शन नाही, बँक आमची टायअप आहे, प्रॉपर्टी आहे ना काका? आबा खुश, म्हणाले "तीन एकर बाग हाय, अजून काय पायजे?" आबांच्या डोक्यात बाग म्हणजे सोनं, आणि बाजारभावानं आहेच. पण बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घेत नाहीत. कारण साधं आहे, कर्ज थकलं तर बँका सरफेसी कायद्यानं प्रॉपर्टी ताब्यात घेतात, आणि त्या कायद्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमीन स्पष्ट वगळलीय. मग बँकेला सात-बाऱ्याचा काय उपयोग. त्यात आमच्या सात-बाऱ्यावर विकास सोसायटीचा बोजा आहेच, तो कुणाच्या नसतो? लागतो तो एनए (बिगरशेती) प्लॉट, नाहीतर फ्लॅट, नाहीतर सिटी सर्व्हेला नोंद असलेलं घर. आमचं घर गावठाणातलं, उतारा अजून आजोबांच्या नावावर, वारसनोंद राहिलेली. बँकेच्या साहेबांनी उतारा उलटसुलट करून बघितला आणि आबांना म्हणाले दुसरं काही आहे का. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग बाहेर आल्यावर म्हणाले, "आयला, कोटीची बाग आन् कागदावर रुपाया न्हाई."

तारण नसेल तर मग येतात खाजगी फायनान्स कंपन्या, विनातारण देतात, व्याज जास्त. समजा ३० लाख ११ टक्क्यांनी मिळाले. शिकत असताना आणि पुढं एक वर्ष हप्ता नसतो, त्याला मोरेटोरियम म्हणतात, आणि पोरं समजतात ह्या काळात काही लागत नाही. हप्ता नसतो, व्याज चालूच असतं. एक वर्ष कोर्स अधिक एक वर्ष, सरळ व्याजानं ६ लाख ६० हजार (पैसे टप्प्याटप्प्यानं उचलले तर थोडं कमी). ते भरत गेलात तर ३० लाखांचा १० वर्षांचा हप्ता ४१ हजारांच्या थोडा वर बसतो. नाही भरलंत आणि मुद्दलात मिळवलं तर ३६ लाख ६० हजारांवर ५० हजारांच्या वर. महिन्याला नऊ हजारांचा फरक, दहा वर्षं. शीटवर "ईएमआय स्टार्ट्स आफ्टर जॉब" एवढंच लिहिलेलं, शेजारी हसणारा स्मायली. आमच्या पतसंस्थेत असा स्मायली काढला तर ऑडिटर मला घरी पाठवेल.

पतसंस्थेवरनं आठवलं, बरेच लोक मला विचारतात की तुझ्याच संस्थेतनं काढून दे की. देता येईल, पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची जी वजावट मिळते (जुन्या कायद्यातलं ८०ई कलम) ती बँकेच्या किंवा सरकारनं नोटिफाय केलेल्या संस्थेच्या कर्जाला, ८ वर्षांपर्यंत, आणि ती पण जुनी करप्रणाली घेतली तरच. पतसंस्थेच्या कर्जाला नाही. दुसरं, घरचे पैसे बाहेर पाठवताना वर्षाला १० लाखांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर टीसीएस (आगाऊ आयकर) कापतात, बँकेच्या शैक्षणिक कर्जातनं गेले तर एप्रिल २०२५ पासून नाही. टीसीएस रिटर्न भरल्यावर मिळतो परत, पण तोपर्यंत अडकतो, आणि सप्टेंबरमध्ये पोरीच्या फीला पैसे कमी पडले तर पुढच्या वर्षीच्या रिफंडचा काय उपयोग.

एक गोष्ट मात्र मला अजिबात आवडली नाही. इंग्लंडच्या व्हिसाला पैसे खात्यात सलग २८ दिवस दिसावे लागतात. मॅडमनी आवाज जरा कमी करून सांगितलं की बॅलन्स कमी असेल तर "फंडची सोय होते", महिनाभर कुणीतरी खात्यात पैसे ठेवणार आणि त्याचा टक्का घेणार. रोज कर्जाच्या फायली बघणाऱ्या माणसाला हे सांगतायत. ज्या घरात २८ दिवस बारा लाख ठेवायची ऐपत नाही त्या घरानं ३२ लाखांच्या खर्चात पडायचं का, हे त्या काउन्सेलिंगमध्ये सांगायला पाहिजे होतं. व्हिसा अधिकाऱ्याला शंका आली तर रिजेक्शन पोरीच्या पासपोर्टवर, एजंटच्या नाही. मी विषय तिथंच तोडला.

जर्मनी. धाकटीचं मन तिकडंच होतं कारण तिच्या सीनिअर गेल्यात. शीटवर जर्मनी म्हणजे बर्लिनमधलं एक प्रायव्हेट कॉलेज, वर्षाला १४ हजार युरो. तिनं विचारलं मॅडम सरकारीला तर फी नसते ना, तर म्हणाल्या तिथं खूप कॉम्पिटिशन, जर्मन भाषा लागते, रिस्क आहे. अर्धं खरंय. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्युशन फी नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी असते, साधारण १०० ते ३५० युरो. अपवाद आहेत, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूह वगैरे, बाहेरच्या देशातल्यांना सेमिस्टरला १,५०० युरो, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून मास्टर्सला सेमिस्टरला ४ ते ६ हजार युरो लावलेत. बाकी इंग्रजीत शिकवणारे कोर्स सरकारीत पण आहेत, डाडच्या (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांचं बघणारी जर्मन संस्था) साइटवर सगळी यादी फुकट बघायला मिळते. भाषा मात्र थोडीफार शिकूनच जावा, कोर्सला नाही लागली तरी नोकरीला आणि दुकानात लागतेच.

जर्मनीचा खर्च कळायला लोकांना अवघड जातो तो ब्लॉक्ड अकाउंटमुळं. ११,९०४ युरो आधी भरायचे म्हटल्यावर आबा म्हणाले मग फुकट कसलं डोंबलाचं. तर ती फी नाहीये. ते आपलेच पैसे, तिथल्या खात्यात अडकवून ठेवतात आणि पोरगी पोचली की महिन्याला ९९२ युरो तिला काढता येतात, त्यातच भाडं, जेवण, हेल्थ इन्शुरन्स. म्हणजे खर्च आहेच, पण राहण्या-खाण्याचा, आणि वर्षाचा एकदम आधी दाखवायचा. आता शीटवरची गंमत, त्यांनी युरो ८९ रुपयांनी धरलेला, तो २०२५ च्या जानेवारीतला भाव. आम्ही दिवाळीच्या सुमारास गेलो तेव्हा १०३ चालू होता. नुसत्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये एक लाख ६६ हजारांचा फरक, बसल्याजागी. मी विचारलं हा रेट कधीचा, तर म्हणाल्या सर मार्केट वरखाली होत असतं. होतं की, बेदाणा पण होतो, म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला जानेवारीचा भाव सांगत नाही.

दोन वर्षांचा माझा हिशोब असा आला, सरकारी विद्यापीठ धरून: राहणं-खाणं २४ लाख ५० हजार, एपीएस सर्टिफिकेट (आपली मार्कशीट-डिग्री तपासून जर्मनीसाठी देतात ते) १८ हजार, युनि-असिस्टचा (बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज घेणारी तिथली संस्था) पहिला अर्ज ७५ युरो आणि पुढचा प्रत्येकी ३०, व्हिसा ७५ युरो, तिकीट, परीक्षा फी, किरकोळ. २६ लाख म्हणू. पहिल्या वर्षाचे साडेबारा-तेरा लाख घरचे किंवा कर्जाचे लागणार, दुसऱ्या वर्षात पोरं बऱ्यापैकी स्वतःचं भागवतात कारण वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम चालतं आणि किमान वेतन २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. पण दोन वर्षांची डिग्री बऱ्याच जणांची अडीच-तीन वर्षं लांबते, हे सीनिअरांनीच सांगितलं. त्यामुळं हातात राखीव ठेवूनच उतरायचं.

अमेरिकेचा रकानाच नव्हता. पूर्वी होता म्हणे, काढला. सप्टेंबर २०२५ ला ट्रम्पनी नव्या एच-वन-बीच्या (तिथल्या नोकरीचा व्हिसा) अर्जावर १ लाख डॉलर लावले तेव्हापासून पालक घाबरलेत. नंतर खुलासा आला की तिथंच शिकून तिथंच व्हिसा बदलणाऱ्यांना ते लागत नाहीत, पण ही गोष्ट त्या ऑफिसात कुणी सांगितली नाही, आम्ही पण जास्त खोलात गेलो नाही, तिथली फी आपल्या आवाक्यातली नव्हती.

वेटिंगला कवठेमहांकाळचं एक जोडपं भेटलं, मुलगी बारावीची, त्यांना आयर्लंडला डिग्रीपासूनच पाठवायचा सल्ला मिळालेला. मला राहवलं नाही म्हणून विचारलं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे का, तर म्हणाले हो. मग त्यांना २०२४-२५ पासून आपल्या राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना कॅपमधनं (सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतनं) व्यावसायिक कोर्सला अॅडमिशन घेतली तर ट्युशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे हे माहीतच नव्हतं. इंजिनीअरिंग आधी इथं करू दे, मास्टर्सला पाठवा, असं मी म्हणालो आणि मॅडम काचेतनं माझ्याकडं बघत होत्या. एमबीबीएसवाल्यांचं टेबल वेगळं, तिथं जॉर्जिया आणि रशिया. त्याबद्दल एवढंच की नीट पास लागतेच, कोर्स ५४ महिन्यांचा आणि वर १२ महिने इंटर्नशिप असा पाहिजे, आणि आल्यावर भारतात परीक्षा पास झाल्याशिवाय प्रॅक्टिस नाही. ती परीक्षा देताना जी वर्षं जातात त्यांचा रकाना तिथल्या पण शीटवर नव्हता.

सरकारी शिष्यवृत्तीचा पण एका शब्दानं उल्लेख नाही. मराठा-कुणबी पोरांना राज्य सरकारच्या सारथी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातीच्या पोरांना समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे. जागा मोजक्या, विद्यापीठ क्यूएस ह्या जागतिक रँकिंगच्या पहिल्या २०० मधलं लागतं. शीटवरचं एकही कॉलेज त्या २०० मध्ये नव्हतं, मग सांगणार कसं.

आता ४ स्टार कशाचे ते. कागदपत्रांचं काम करणारा पोरगा आतल्या खोलीत बसतो, जास्त बोलत नाही, पण हुशार. धाकटीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तिचं नाव, मग आबांचं, आणि पासपोर्टवर उलटं, शिवाय आबांच्या नावात एके ठिकाणी "राव" आहे आणि एके ठिकाणी नाही. आपल्याकडं हे कुणाला चूक वाटतच नाही. त्यानं पाच मिनिटांत पकडलं, कुठं अॅफिडेव्हिट करायचं, त्यात कुठलं वाक्य पाहिजे, कॉलेजकडनं ट्रान्सक्रिप्ट सीलबंद पाकिटात किती प्रती घ्यायच्या, पाकिटाच्या फ्लॅपवर शिक्का मारून घ्यायचा, सगळं कागदावर लिहून दिलं. एसओपी पण कॉपी-पेस्ट नव्हती, धाकटीच्या प्रोजेक्टबद्दल त्यानं स्वतः विचारून, गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या लोडचं तिनं जे काम केलेलं ते वर आणलं. ती वाचून मला पण पहिल्यांदा कळलं की हिनं नेमकं केलंय काय.

म्हणून आम्ही शेवटी असं केलं की काउन्सेलिंग सोडून दिलं आणि फक्त कागदपत्रांचं पॅकेज घेतलं, फ्री नाही, पैसे भरून. मॅडमना ते फारसं आवडलं नाही, पण दिलं. गेटचा फॉर्म तिनं आधीच भरला होता, तो अभ्यास चालू आहे, आणि जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांना अर्ज ती स्वतः करतेय. दोन्हीतलं जे लागेल ते. इंग्लंड आम्ही सोडलं. ज्यांच्याकडं कर्जाशिवाय तीस-पस्तीस लाख आहेत त्यांनी जावं, वर्षात डिग्री होते हे खरंच आहे, पण ११ टक्क्यांनी पैसे काढून १८ महिन्यांत नोकरी शोधायची हा जुगार माझ्या बहिणीवर मी लावणार नाही.

जाणाऱ्यांसाठी: शनिवारी जाऊ नका, खूप गर्दी, काउन्सेलरला घाई असते. पॅकेजची पावती घेताना मागची बाजू वाचा, व्हिसा रिजेक्ट झाला तर कुठली रक्कम परत आणि कुठली नाही ते तिथं छापलंय, आमच्या पावतीवर "प्रोसेसिंग" कधीच परत नाही. विद्यापीठाचं डिपॉझिट एजंटच्या खात्यावर भरू नका, डायरेक्ट विद्यापीठाला पाठवा. फोन नंबर आबांचा देऊ नका, रोज एक फोन येतो, काका सप्टेंबर इनटेकचं काय ठरलं, आणि आबा बागेत असले की छाटणी थांबवून त्यांच्याशी अर्धा तास हवापाण्यावर बोलत बसतात.